आमची वाटचाल: विळ्या-खुरप्यांपासून कॅम्प नाईफपर्यंत

आम्हाला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे "ताई एकच चाकू द्या, लाकूडपण फुटलं पाहिजे आणि कांदापण चिरता आला पाहिजे". मागणी रास्त आहे, पण ती नीट पुरी करायला आम्हाला बरीच वर्षं घालवावी लागली.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. घरात पिढीजात लोहारकाम. मामा म्हणजे माझे सासरे विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी करायचे आणि समोरून घण मारायच्या आत्या, माझ्या सासूबाई. मामा बारक्या हातोडीने लाल लोखंडावर नुसती टिचकी देऊन जागा दाखवणार आणि पुढच्या क्षणाला बरोब्बर तिथेच आत्यांचा घाव, एक शब्द बोलणं नाही. पुढे बाजारात कारखान्याचे पत्र्याचे विळे स्वस्तात मिळायला लागले, ट्रॅक्टर आले तसं नांगराचा फाळ शेवटायचं, म्हणजे झिजलेलं टोक परत घडवायचं काम गेलं, आणि भट्टी पेटायची ती ऊसतोडीच्या आधी कोयत्यांसाठी तेवढी.

नाणेघाट, जीवधन, हडसरला येणारी पुण्या-मुंबईची पोरं अधूनमधून थांबून कोयता घ्यायची. २०२० च्या लॉकडाऊननंतर तर गर्दी फारच वाढली. पण कोयता म्हणजे ऊस आणि झुडपाचं हत्यार, सॅकमध्ये नीट बसत नाही, बारीक कामाला टोक नाही, भाजी चिरायला घेतली तर हसू येतं. ह्यांनी (आमचे मालक) सरळ पात्याचा चाकू, म्हणजेच कॅम्प नाईफ काढला आणि मी त्याचे फोटो टाकायला लागले, धंदा तिथून वळला.

आता मापाचं सांगते, कारण निवडताना लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. पातं जितकं लांब आणि जाड तितकं तोडायला बरं, पण चिरायला वाईट. आम्ही साडेसहा-सात इंचावर थांबलो. पाठ मुठीजवळ ४-५ मिलिमीटर आणि टोकाकडे पातळ होत जाणारी, म्हणजे वजन हातात राहतं आणि टोकाने बारीक कामही होतं. धारेच्या मागची बाजू खोलगट न घासता किंचित फुगीर ठेवतो, त्याने लाकूड बाजूला सरकतं आणि पातं अडकत नाही. पाठीची कड मात्र मुद्दाम चौकोनी, आग पेटवायची ठिणगीची कांडी (फेरो रॉड) तिच्यावरच घासायची, धारेवर नाही. आणि नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पातं मागू नका, घरगुती किंवा शेतीच्या अवजाराची गोष्ट वेगळी, पण एरवी ते शस्त्र कायद्याच्या नियमांत जातं आणि फोन आम्हाला येतात.

पोलादाबद्दल. सुरुवातीला ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरायचो, सगळेच लोहार वापरतात आणि पोलाद उत्तमच असतं. पण लाखो खड्डे खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते. तासनतास घडवून घासून तयार केलेलं पातं तापवून कडक करायला तेलात बुडवलं की "टिंग" असा बारीक आवाज येतो, त्या आवाजाने पोटात गोळा येतो हो, कारण तो तुकडा तिथेच भंगारात गेला. म्हणून आता कमानीच्याच जातीची नवी कोरी पट्टी बिलासकट घेतो. महाग पडतं, पण ट्रेकवर चाकू तुटण्यापेक्षा बरं.

पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कडक करायचं काम दिवेलागणीनंतर, कारण उन्हात रंग कळत नाही. पातं लाल झालं की लोहचुंबक लावून बघायचं, चिकटायचं बंद झालं की अजून थोडं तापवायचं आणि गरम केलेल्या तेलात. मामा कोयत्याला साध्या पाण्यात नुसती धार बुडवायचे, पण हे पोलाद पाण्यात फुटायची भीती. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ओव्हनमध्ये २०० अंशाच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा. पातं फिकट पिवळं दिसायला लागलं की जमलं, निळं झालं की धार टिकणार नाही.

मग परीक्षा. धार पितळी दांडीवर दाबायची, ती किंचित वाकून परत सरळ झाली पाहिजे, वाकलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर कडक. त्यानंतर वाळक्या बाभळीचं लाकूड, चाकूच्या पाठीवर दुसरं लाकूड ठोकून, चिरायचं आणि धार न लावता त्याच चाकूने टोमॅटो. टोमॅटो चेपला तर चाकू परत घासायला. हे शेवटचं काम माझं, त्यामुळे आमच्याकडे टोमॅटोची चटणी कायम.

मुठीला बाभूळ किंवा शिसव, आणि पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत जाणारं, पितळी रिव्हेट मारून. बोटांचे खाचे पाडत नाही, ज्याच्या हाताचे खाचे त्यालाच बसतात. पाठीवर करवतीचे दात आणि पोकळ मुठीत होकायंत्र हे दोन्ही करत नाही, कितीही पैसे दिले तरी. दात असले की ठोकायची सोय गेली, आणि पोकळ मूठ पहिली सुटते. मुंबईच्या एका दादांनी विचारलं बिबट्या आला तर कुठला मॉडेल? म्हणलं दादा आम्ही बिबट्याच्याच तालुक्यात राहतो, टॉर्च घ्या, घोळक्याने चाला, मोठ्याने बोला, चाकू कांद्यासाठीच ठेवा. आणि ओली झाडं तोडायला तर अजिबात घेऊ नका, हरिश्चंद्रगड वगैरे भाग अभयारण्यात येतो.

स्टेनलेस का नाही असं विचारतात. हे पोलाद दगडावर पटकन धार घेतं, पण पावसाळ्यात गंजतं, एवढं मान्य करूनच घ्या. लिंबू-कांद्याने काळपट डाग येतील, तो गंज नाही, राहू द्या. लाल ठिपके दिसले तर गंज. चाकू पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवायचा, आणि ओल्या चामडी म्यानात तर कधीच नाही.

सध्या डावखुऱ्यांचं म्यान चालू आहे, बरेच जण मागत होते. शिवणारे काका म्हणतात उलटं शिवायला हात वळत नाही, त्यामुळे पहिली खेप दिवाळीनंतरच मिळेल. ऑर्डर टाकताना तळहाताची रुंदी तेवढी कळवा.