निर्लेखनाच्या यादीतली सीडी

न्यू जर्सीतल्या आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात उन्हाळ्यात निर्लेखन, म्हणजे न वापरलेल्या वस्तू संग्रहातून काढणं, चालतं. संगणक यादी काढून देतो, बरीच वर्षं कोणी न नेलेल्या वस्तूंची. सीडी माझ्याकडे येतात. चरे बघायचे, इकडची-तिकडची दोन गाणी थोडी वाजवायची आणि विक्रीच्या पेटीत टाकायची. त्यात ऐकणं असं फारसं नसतं.

त्या दिवशी यादीत ‘द लेफ्ट बँक’ हे नाव होतं. न्यूयॉर्कच्या या बँडचं १९६६ ते ६९ मधलं ध्वनिमुद्रण १९९२ साली मर्क्युरी कंपनीने एका सीडीत आणलं, ती ही. त्यांचं ‘वॉक अवे रने’ मला ठाऊक होतं. जुनी गाणी लावणाऱ्या रेडिओवर ते अजून लागतं. म्हणून मी ‘प्रिटी बॅलेरिना’ लावलं, आणि हात थांबला. मध्यम तीव्र, निषाद कोमल! पुण्यात गाणं शिकताना सरस्वती रागात घोटलेली हीच जोडी. सरस्वतीत गंधार नसतो, इथे तो आहे, त्यामुळे राग वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पण एका अमेरिकन पोराच्या पॉप गाण्यात हे स्वर इतके सहज बसलेले ऐकून मी विक्रीची पेटी बाजूला सारली.

आमच्याकडे मदतीला येणारे एक निवृत्त गृहस्थ शेजारी लेबलं काढत होते. “लेनर्ड बर्नस्टाइनने हे गाणं टीव्हीवर वाजवून दाखवलं होतं,” ते म्हणाले. खरंच आहे. १९६७च्या एप्रिलमध्ये सीबीएसवर या नामवंत संगीतकार-वाद्यवृंदसंचालकाचा रॉक संगीताबद्दल कार्यक्रम झाला. त्यात त्याने सांगितलं, की हे गाणं पाश्चात्त्य संगीतातल्या नेहमीच्या मेजर-मायनर सप्तकांत नाही, लिडियन (ज्यात मध्यम तीव्र) आणि मिक्सोलिडियन (ज्यात निषाद कोमल) या जुन्या सप्तकांच्या मिश्रणात आहे.

मग सीडी पूर्ण ऐकली. जेवणाची सुट्टी त्यात गेली.

गाणी रचणारा मायकेल ब्राउन ‘रने’च्या वेळी सोळा वर्षांचा होता. वडील हॅरी लुकॉफ्स्की नावाजलेले व्हायोलिनवादक. त्यांच्याच मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत हे मुद्रण झालं. त्यामुळे हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं जुनं वाद्य, आणि तंतुवाद्यं पोराच्या हाताशीच होती. गाण्यातली रने ही बँडमधल्या टॉम फिनची मैत्रीण. ती स्टुडिओत उभी होती म्हणून माझे हात थरथरत होते आणि हार्प्सिकॉर्ड नंतर येऊन वाजवावा लागला, असं ब्राउनने पुढे सांगितलं. गाणं बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. बँडचा गायक स्टीव्ह मार्टिन गातो मात्र असा, की दुःख झालंय पण तक्रार नाही. सनई-चौघड्यासारखी वाद्यं भोवती उभी असूनही त्याचा आवाज एकटा राहतो. मला तरी या बँडची खरी कमाई हा आवाज वाटतो, हार्प्सिकॉर्ड नव्हे.

पुढचं सगळं भांडणात गेलं. १९६७ साली ब्राउनने बाकीच्यांना वगळून, बर्ट सॉमर नावाच्या गायकाला घेऊन बँडच्याच नावाने ‘आयव्ही, आयव्ही’ काढलं. मूळ पोरांनी चाहत्यांना बहिष्कार घालायला सांगितलं, रेडिओवाल्यांनी हात झटकले आणि रेकॉर्ड बुडाली. वाद मिटवून सगळ्यांनी ‘डिझिरे’ केलं, ते ९८व्या क्रमांकावर अडकलं. ब्राउन पुन्हा गेला. १९६८चा दुसरा अल्बम बराचसा त्याच्याविनाच झाला.

सलग ऐकताना हे नीट कळतं. सुटं गाणं ऐकणाऱ्याला ‘रने’ भेटते आणि तो पुढे जातो. इथे ‘डिझिरे’ येतं, त्यात पितळी वाद्यं आणि कोरस एकमेकांवर चढत जातात. मी ते तीनदा लावलं. हे त्यांचं सर्वांत धाडसी काम, असं माझं मत. गृहस्थांना पटलं नाही. त्यांना ते अंगावर येणारं वाटतं. “आणि दुसऱ्या अल्बममध्ये राम नाही,” असंही वर. ब्राउनविना फिन आणि बँडमधलाच जॉर्ज कॅमेरॉन यांनी जे केलं त्यात चाल थोडी पातळ आहे, मान्य, पण गळ्यांची जुळणी अजून तशीच आहे. यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी वरिष्ठ बाई आल्या, कशाबद्दल एवढं म्हणून.

सीडी ठेवायची तर नोंदवहीत कारण द्यावं लागतं. ‘विभागात या प्रकारचं दुसरं काही नाही’ असं मी लिहिलं. बाईंनी सही केली आणि उरलेली यादी सोमवारपर्यंत संपवायला सांगितली.