मिल लॅक्सच्या बर्फावर तंबू ठोकताना

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स तलावाचा पसारा पाचशे चौरस किलोमीटरहून मोठा. जानेवारीत तो गोठला की आडोसा नावाची गोष्टच उरत नाही, वारा सरळ अंगावर येतो. बर्फावरच्या मासेमारीत थंडीपेक्षा हा वाराच जास्त छळतो. त्यामुळे तंबू निवडताना ‘आत किती जण मावतील’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

फ्लिप-ओव्हर प्रकारच्या तंबूत खाली स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, तिच्यावरच खुर्च्या, आणि मागून डोक्यावर ओढून घ्यायचं छत. मासा लागत नसेल तर छत मागे टाका, स्लेज ओढत बर्फात पाडलेलं पुढचं भोक गाठा. एकट्या भटक्यासाठी हाच उत्तम. आम्ही तिघं मात्र एका जागी ठाण मांडून संध्याकाळच्या वॉलाय माशाची वाट बघणार होतो, म्हणून हब तंबू घेतला. त्याच्या प्रत्येक भिंतीच्या मध्यावर एक हब, म्हणजे काड्या एकत्र येतात तो सांधा, असतो. त्याचा पट्टा धरून बाहेर खेचला की आतल्या काड्या ताणल्या जातात आणि भिंत फाट्‌कन फुगते. घेतला तोही अस्तराचा. एकेरी कापड हलकं असतं खरं, पण हीटर लावला की आतली वाफ छताला धरते आणि थेंब नेमके मानेवर पडतात. त्यापेक्षा ओझं परवडलं.

चालत जायला किमान 4 इंच स्वच्छ, पक्का बर्फ हवा, असं तिथला नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून आम्ही पहार आपटत, मधूनमधून भोक पाडून मोजतच पुढे गेलो.

जागा ठरल्यावर आधी वरचा भुसभुशीत बर्फ फावड्याने साफ केला, नाहीतर हीटरच्या उबेने पायाखाली रबडी होते. मग तंबू मिटलेला असतानाच वाऱ्याकडचा कोपरा बर्फात स्क्रू फिरवून पक्का केला. हा क्रम चुकवू नये. उघडलेला, मोकळा हब तंबू वाऱ्याच्या एका झोतात तलावभर पळतो, आणि तुम्ही त्याच्या मागे! उरलेले कोपरे, मग हबला बांधलेल्या दोऱ्या. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. शेवटी खालच्या झालरीवर कोरडा बर्फ लोटला. ओला लोटला तर झालर गोठून चिकटते.

प्रोपेनचा हीटर पेटवण्याआधी झरोके उघडले आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगला. गारवा आत येतो म्हणून झरोके बुजवणारे लोक पाहिलेत. त्यांच्या तंबूत मी बसत नाही.

मिनेसोटात बर्फावर माणशी दोन गळ चालतात. असा घडीचा तंबू, आत कुणी असेपर्यंत, परवान्याशिवाय चालतो. तो तसाच सोडून जायचं तर परवाना लागतो. आम्ही रात्रीच आवरलं. झालर कुठे धरलीच असेल तर खेचू नका, फाटते. भोवतीचा बर्फ हलक्या हाताने फोडून ती सोडवायची. घरी आल्यावर तंबू पसरून खडखडीत वाळवायचा, मगच पिशवीत. ओलाच कोंबलात तर बुरशी ठरलेली.