आडोसा नसलेली गाणी

लोकगीतं, कंट्री, ब्लूज आणि गॉस्पेल असं सगळं नांदतं ते अमेरिकाना हे अमेरिकी संगीत. त्यातले स्वतःची गाणी लिहून स्वतःच अल्बम काढणारे गायक पुष्कळदा ड्रम्सच्या वाटेला जात नाहीत. एक तर खर्च; शिवाय शब्द नीट ऐकू यायला हवेत. पण ड्रम्स गेले की आडोसाही जातो. जिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या अमेरिकाना गाणाऱ्या जोडीने 2001 मध्ये 'टाइम (द रेव्हलेटर)' आपल्याच अकॉनी या लेबलवर काढला. बहुतेक ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमधलं. दोन गळे, गिटारी, मध्येच बँजो. अशा अल्बमला 'साधा' म्हणायची पद्धत आहे!

हा साधेपणा तारांपासून सुरू होतो. कोऱ्या तारा झणझणतात, उतरत राहतात आणि जाड तारांवरून बोट सरकलं की किंचाळतात. म्हणून त्या एक-दोन दिवस आधी चढवून वाजवून घ्याव्यात. बोटांचा थोडा आवाज राहू द्यावा. तो पुसून काढलेली गिटार मला तरी निर्जीव वाटते. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, लावल्यावर पुन्हा सूर जुळवायचा, कारण त्याच्या दाबाने तारा किंचित चढतात. बोटांनी जी सुरातल्या कॉर्डचे आकार धरून दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो लावला की गाणं बी फ्लॅटमध्ये जातं, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच.

खरी कसोटी मायक्रोफोनची. नवखा माणूस तो थेट गिटारच्या भोकासमोर ठेवतो आणि हाती घुमणारा, फुगलेला आवाज येतो. दांडा जिथे गिटारच्या खोक्याला मिळतो, साधारण बाराव्या पट्टीपाशी, तिथे रोखून 20 ते 30 सेंमीवर ठेवावा. गाणं आणि गिटार एकदमच मुद्रित करायचं असेल तर दुखणं वाढतं: गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये गिटार शिरते, गिटारच्या मायक्रोफोनमध्ये गळा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंमी जातो. दोन मायक्रोफोनच्या अंतरात तेवढाच फरक पडला, तर दोन्ही मिसळताना 500 हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खातो आणि गळा पोकळ वाटू लागतो. उपाय म्हणजे पुढून-मागून ऐकणारा, बाजूंनी बहिरा असा मायक्रोफोन घ्यायचा आणि त्याची बहिरी बाजू गिटारकडे करायची. तरीही गळती राहतेच. म्हणून एक ओळ बेसूर झाली तर तेवढीच बदलता येत नाही; अख्खं गाणं पुन्हा. वेगवेगळं मुद्रण सोपं पडतं, पण मग गाणारा श्वासासाठी थांबतो तेव्हा गिटार थांबत नाही.

मग क्रम. एकाच सुरातली, एकाच चालीची तीन गाणी ओळीने आली तर तिसरं कितीही चांगलं असो, वाया जातं. तबकडी काढायची असेल तर एका बाजूला वीसेक मिनिटंच धरावीत. जास्त कोंबली की खाचा अरुंद होतात आणि आवाज दबतो. शिवाय 12 इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंमी खाच सरकते, आत पोचेपर्यंत जेमतेम 20. तिथे 'स' आणि 'श' फाटतात. सगळ्यात मोठ्याने गायलेलं गाणं भावनेच्या भरात बाजूच्या शेवटी टाकणाऱ्याला तबकडी कापणारा तंत्रज्ञ आधी क्रम बदलायला सांगतो; नाही ऐकलं, तर आवाज कमी करून कापतो.