स्लायडर नको, ड्रिपचा रेट टाक

मी ब्रदर आहे, म्हणजे मेल स्टाफ नर्स, सरकारी हॉस्पिटलात. कॉम्प्युटरचं थोडंफार येतं हे सगळ्यांना माहिती, त्यामुळे १२ मेच्या नर्सेस डेला आपल्या नर्सिंगची वेबसाइट पाहिजे ही ऑर्डर नाइट संपवून निघताना माझ्याच गळ्यात पडली. मेट्रन मॅडमचं सगळं ठरलेलं, वर फ्लोरेन्स नाइटिंगेलचा फिरता फोटो (स्लायडर), खाली मॅडमचा स्वतःचा संदेश, मग कार्यक्रमांचे फोटो, बास.

दुपारी झोप काही लागेना, मग लॅपटॉप घेऊन मेडिसिन वॉर्डातच गेलो. इन्चार्ज सिस्टर, रिटायरमेंटला आलेल्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अरे, फ्लोरेन्सबाईंना बघून पोरींना ड्रिप सेट करता येणारे का? मला दिवसभर जे विचारतात ना ते टाक त्यात." (तशा फ्लोरेन्सबाई पण आकड्यांच्याच, क्रिमियाच्या लढाईतले मृत्यू त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडले होते, त्यांना राग आला नसता.)

मग तिथेच टेबलावर साधं एचटीएमएलचं एक पान लिहिलं. एमएल किती, तास किती, सेट कितीचा (म्हणजे त्याच्या नळीतून १ एमएलला किती थेंब पडतात), एवढं भरायचं की मिनिटाला थेंब येतात. एमएल गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० एमएल आरएल (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं द्रावण) चार तासात, २० चा सेट, म्हणजे १०,००० भागिले २४०, जवळपास ४२ थेंब. सिस्टरने कागदावर करून ताडून बघितलं आणि मगच मान हलवली. मायक्रो सेटला तर गणितच नाही, १ एमएलला ६० थेंब आणि तासाला मिनिटं पण ६०, तासाला ४० एमएल द्यायचं तर मिनिटाला ४० थेंब. हे ऐकून जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दोघीतिघी आ वासून बघत राहिल्या, परीक्षेला फॉर्म्युला पाठ केला होता पण हे कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे. सेट १५ चा की २० चा ते पाकिटावर छापलेलं असतं, ते आधी वाचा, हे मात्र लाल अक्षरात टाकलं.

औषधांचे डोस टाकू का विचारलं तर सिस्टर भडकल्याच. "डोस ऑर्डर शीटवर बघायचा, तुझ्या मोबाइलवर नाही." बरोबरच आहे. एका पोरीने बेडसोरच्या ड्रेसिंगचा फोटो दिला, छान आला होता पण मागे केस पेपर दिसत होता, नाव नि सगळं. तो तिच्या फोनमधूनपण डिलीट करायला लावला.

खाली नर्सच्या रजिस्ट्रेशन रिन्युअलची माहिती आणि नर्सिंग कौन्सिलच्या साइटची लिंक दिली, पाच वर्षं झाली की दर वेळी सगळ्यांची तीच धावपळ. गिटहब नावाच्या साइटवर पान फुकटात चढवलं. वॉर्डात नेटवर्क म्हणजे बोंब, पण पान काही केबीचंच, लगेच उघडलं.

संध्याकाळी मेट्रन मॅडमना दाखवलं. बराच वेळ आकडे टाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "चांगलंय. पण माझा संदेश कुठंय?" टाकला, सगळ्यात खाली, फोटोसकट, फोटो दाबून दाबून बारीक केला.