परतावा, देणं आणि वरची ओळ

प्राप्तिकराच्या रिटर्नचं काम आज उरकलं. शेवटच्या रकान्यात ‘देय’ आलं आणि तोंड आपोआप आंबट झालं. गेल्या वर्षी त्याच जागी परतावा होता, तेव्हा दिवसभर खुशीत होते. राहवेना म्हणून दोन्ही विवरणपत्रं शेजारीशेजारी उघडली, तर एकूण कराचा आकडा जवळपास सारखाच. सरकारच्या तिजोरीत दोन्ही वर्षी तेवढाच पैसा गेला. मला मात्र एकदा बक्षीस लागल्यासारखं वाटलं आणि एकदा दंड झाल्यासारखं.

एकूण कराची ही ओळ फॉर्मवर दिसते ठळक, पण नजर तिच्यावरून घसरून थेट तळाशी जाते. तळाचा आकडा सांगतो एवढंच, की वर्षभरात कापला गेलेला कर अंदाजाने जास्त कापला गेला की कमी. त्यात ना माझी हुशारी, ना सरकारचं औदार्य.

आणि हा अंदाज तरी कोण बांधतं? ऑफिसला माझा पगार माहीत असतो, मुदतठेवीचं व्याज नाही. ते व्याज ठरावीक मर्यादेपुढे गेलं की बँक त्यावर सरसकट 10 टक्के कापते. ज्याचा कराचा टप्पा 20 किंवा 30 टक्क्यांचा आहे त्याचं उरलेलं देणं जुलैपर्यंत गुपचूप साचत राहतं. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली की आणखी गंमत. आधीचा पगार नव्या ठिकाणी सांगितला नाही, तर करमुक्त उत्पन्नाची पायरी दोन्ही कंपन्या आपापल्या परीने देऊन मोकळ्या होतात आणि शेवटी मोठी रक्कम अंगावर येते. उलट ज्यांना करच लागत नाही अशा ज्येष्ठांनी बँकेत ‘मला कर लागत नाही’ असं सांगणारा 15 एच फॉर्म दिला नाही, की त्यांचे पैसे कापले जातात आणि ते परत मिळवायला रिटर्न भरत बसावं लागतं. तो मिळालेला परतावा म्हणजे आनंद कसला? आपलेच पैसे वर्षभर दुसरीकडे राहून घरी आले, इतकंच.

ताईला हे पटत नाही. तिचं म्हणणं, हातात आले असते तर खर्च झाले असते. परताव्याच्या निमित्ताने एकरकमी दिसतात तरी. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी तोडून टाकणार नाही. पण ही कसली बचत, जिच्यावर व्याज नीट मिळत नाही आणि गरज पडली तर मोडताही येत नाही?

व्याजाचा हिशेब तर बघण्यासारखाच आहे. परताव्यावर सरकार महिन्याला अर्धा टक्का देतं, तेही परतावा एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर नाहीच. दिलेलं व्याज पुन्हा पुढच्या उत्पन्नात धरायचं. आपलं देणं 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल आणि कापलेला कर वजा जाता उरलेल्या कराचा 90 टक्के भाग 31 मार्चपर्यंत आगाऊ भरलेला नसेल, तर आपल्याकडून महिन्याला एक टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पुरा महिना धरून. त्यांच्या बाजूला अर्धा, आपल्या बाजूला एक! म्हणून ‘सरकारला बिनव्याजी पैसे कशाला द्या’ असं म्हणत मुद्दाम मोठं देणं ठेवणाऱ्यांचाही हिशेब मला पटत नाही. थोडं देणं राहिलं तर बरं, पण उंबरठ्याच्या आत.

हे पगारातून आधीच कापून घेणं जगभर रुळलं, त्यामागे बऱ्याच देशांत युद्धाचा खर्च आहे. अमेरिकेत 1943 पर्यंत लोक आदल्या वर्षाचा प्राप्तिकर पुढच्या वर्षी हप्त्यांनी स्वतः भरत. महायुद्धात करदाते एकदम वाढले, सगळ्यांकडून असा वसूल करणं अशक्य झालं, म्हणून त्या वर्षी पगारातूनच कपात सुरू केली आणि संक्रमणापोटी एका वर्षाच्या कराचा मोठा भाग माफ केला. ब्रिटनने पुढच्याच वर्षी तीच वाट धरली. अमेरिकेतली ही योजना आखणाऱ्यांत तरुण मिल्टन फ्रीडमन होते. पुढे सरकारच्या फुगत्या आकारावर तुटून पडणारे हेच अर्थशास्त्रज्ञ. ते यंत्र उभारायला आपलाच हात लागला होता, हे त्यांनी नंतर मान्यही केलं. मला यातली खोच अशी वाटते, की हातात न आलेला पैसा गेल्याचं दुःख होत नाही आणि त्यातला चतकोर परत आला की उपकार झाल्यासारखं वाटतं. वर्षाकाठी सगळा कर आपल्या हाताने भरावा लागला असता, तर त्या वरच्या ओळीकडे प्रत्येकाने डोळे फाडून पाहिलं असतं. (आणि कदाचित रस्त्याच्या खड्ड्यांचा जाबही जास्त जोरात विचारला असता.)

असो. देणं भरून टाकलं, चलनाचा क्रमांक रिटर्नमध्ये घातला, ई-पडताळणीही झाली. आता ऑफिसच्या पगार विभागाला व्याजाचं उत्पन्न आधीच कळवून पगारातूनच कपात वाढवून घेणार आहे. नियमात ती सोय आहे, फक्त कोणी वापरत नाही. तरी कमी पडलं तर 15 सप्टेंबर आणि 15 डिसेंबरचे आगाऊ कराचे हप्ते आहेतच. ताईला सांगितलं तर म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा जास्त कापू दे की. म्हणू दे.