सुरतहून येताना पोराची गाडीच घेऊन येऊ, असा बेत असेल तर

खान्देशातल्या घराघरातलं कुणी ना कुणी सुरतला आहे. उधन्याला काका, लिंबायतला मामा. पोरगा बारावी होऊन जळगाव-धुळ्याला कॉलेजात जायला लागला की घरात विषय निघतोच: लग्नाला सुरतला जातोच आहोत, तिकडे जुन्या मोटारसायकली स्वस्त मिळतात, येताना एक घेऊन येऊ. बऱ्हाणपूर, सेंधवा, इंदूरला जातानाही हेच बोलणं होतं. बेत वाईट नाही. पण असे सौदे गाडी खराब होती म्हणून जेवढे फसतात, त्याहून जास्त परतीची वेळ झाली म्हणून फसतात. सगळं कुटुंब बॅगा भरून उभं आहे आणि तुम्ही संध्याकाळच्या आत निघणार आहात, हे विकणाऱ्याला कळतं. मग ना इंजिन थंड असताना बघितलं जातं, ना कागद नीट वाचले जातात.

म्हणून गाडी पहिल्या दिवशी संध्याकाळी बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी चालू करून बघा आणि मगच पैशाचं बोला. एवढा वेळ नसेल तर त्या फेरीत नुसता बाजार बघून या. रिकाम्या हाताने परत यायची तयारी घरच्या सगळ्यांची हवी, पोराचीसुद्धा. त्याला निघण्याआधीच तसं सांगून ठेवा.

गियरच्या मोटारसायकलचं लायसन्स १८ पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही. १६ व्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि तशा पेट्रोलच्या गाड्या आता बाजारात जवळपास नाहीतच. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. तेव्हा गाडी शोधायला निघण्याआधी निदान शिकाऊ लायसन्स काढून घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १९९अ फार कडक आहे. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

आता परराज्याच्या पासिंगचं. जीजे ०५ (सुरत) ची गाडी कायमची आपल्याकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म २८) लागतो. शिवाय फॉर्म २९ (विक्रीची सूचना) च्या दोन प्रती, फॉर्म ३० (नावावर करण्याचा अर्ज), मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी. इकडे आल्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरून एमएचचा नंबर घ्यायचा, आणि गुजरातचा भरलेला कर परत मागायचा तर त्याचा अर्ज वेगळा. दोन दिवसांच्या मुक्कामात एनओसी हातात पडेल असं धरून चालू नका. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत तिकडे जो पैसा वाचल्यासारखा वाटतो, तो कर, चकरा आणि एजंट यातच जातो. माझं मत स्पष्ट आहे: परराज्याचं पासिंग टाळा. सुरतेतल्या आपल्याच माणसांकडे एमएच १८, १९, ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) च्या गाड्या असतात, त्या आधी विचारा.

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत, पीयूसी, कर्जाचा बोजा हे तिथे दिसतं. ई-चलनच्या साइटवर थकलेला दंडही बघा. ‘लोन कधीच फिटलं’ असं सांगतात, पण बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) झाल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस समोर हवा. दलालाकडे सह्या करून ठेवलेले कोरे २९-३० असतात, त्यावर कधीच विश्वास ठेवू नका. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हावी लागते (फॉर्म ३१), मग विक्री.

कुठली गाडी घ्यावी? पहिल्या गाडीला १०० ते १२५ सीसी पुरे. त्यातही एप्रिल २०१९ ते मार्च २०२० मधली नोंदणी मिळाली तर फार चांगलं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) आणि कंपनीची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं आणि बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. मधल्या वर्षभरातल्या गाडीला कॉम्बी ब्रेकही आहे आणि कार्बोरेटरही, म्हणजे चोपडा-साक्रीकडच्या कुठल्याही गावचा फिटर ती खोलून साफ करून देतो. त्याआधीची गाडी असेल तर नवी नंबरप्लेट बसवलीय का ते बघा. नसेल तर ४५० रुपये अधिक जीएसटी धरा. नोंदणीला १५ वर्षं होत आलेली गाडी पोरासाठी नको. फेरनोंदणी आणि पर्यावरण कर लगेच मागे लागतात.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात बघतो, मग चाल. इथेही तसंच, आधी उभी गाडी. पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावून बघा. तुम्ही यायच्या आधीच ते गरम असेल तर थंडपणी गाडी चालू व्हायला त्रास देत असेल आणि ते लपवलं जात असेल. थंड गाडी चोक देऊन दोन-तीन किकमध्ये चालू झाली पाहिजे. नुसत्या सेल्फवर समाधान मानू नका, किकही मारा.

चालू करताच सायलेन्सरजवळ उभं राहा. सुरुवातीला निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, हे काम फार मोठं नाही. रेस देताना निळा धूर सतत निघत असेल तर रिंगा गेल्या, म्हणजे बोअर-पिस्टनचा खर्च आला. काळा धूर कार्बोरेटरचा किंवा एअर फिल्टरचा, तो स्वस्तात सुटतो. बारीक टिकटिक टॅपेटची, ती सेटिंगने जाते. किणकिणाट टायमिंग चेनचा. खालून ठक्‌ठक्‌ येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल तर क्रँक. तिथे बोलणं थांबवा आणि दुसरी गाडी बघा. “भाऊ, इंजिनले हात बी लागेल नही” (इंजिन कधी खोललंच नाही) असं कुणी सांगितलं तर इंजिनच्या नटांच्या कडा बघा. पाना फिरलेला असेल तर कडा झिजलेल्या दिसतात, जोडावर लावलेलं पॅकिंगचं सोल्यूशन बाहेर आलेलं दिसतं.

आता बहुतेक लोक जिथे बघतच नाहीत ती जागा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि टाकीच्या पुढे वाकून, टॉर्च लावून बघा. फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा) चासीला जिथे टेकतो तिथे लोखंडाचा छोटा स्टॉपर असतो. गाडी समोरून जोरात आपटली की हँडल झटक्याने वळून तिथेच मार बसतो. स्टॉपर चेपलेला, रंग तडकलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला दिसला तर वरून कितीही चकाचक असू दे, ती गाडी सोडा. मडगार्ड, हेडलाइट, इंडिकेटर बदलून अपघात झाकता येतो, स्टॉपर सहसा कुणी बदलत नाही. तिथेच चासी नंबर कोरलेला असतो. आरसीशी अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा, मोबाईलवर फोटो घ्या. आकडे घासलेले वाटले तर लगेच निघा.

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. चाक बाजूला हलवून बघा, खळखळ आली तर बेअरिंग. चाक फिरवून रिम डोलतं का पाहा. शॉकअपच्या नळीवर बोट फिरवा, ऑइल लागलं तर सील फाटलंय. चेन मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट संपला. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जळगाव-भुसावळच्या उन्हात बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला नक्षी शिल्लक असूनही कडेला भेगा पडतात. असा टायर बदलायचाच.

गाडीने आधी काय काम केलं तेही वाचता येतं. दुधाच्या कॅन वाहिलेल्या गाडीचे मागचे शॉकअप बसलेले, चाकाच्या तारा सैल आणि सीटमागे कॅरिअर घासल्याच्या खुणा असतात. युरियाच्या गोण्या वाहिल्या असतील तर मडगार्डच्या आतला पत्रा खाल्लेला असतो. सुरतेत पावसाळ्यात खाडीचं पाणी सखल वस्त्यांत शिरतं, म्हणून तिथली गाडी असेल तर हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी आणि दुधाळ झालेलं ऑइल बघाच. मीटरचे किलोमीटर शेवटी. १५ हजार दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेकपॅडलचं रबर गुळगुळीत असेल तर तो आकडा विसरा.

चालवून बघायचं काम लायसन्सवाल्या मोठ्या माणसाचं. चौथ्या गियरमध्ये एकदम रेस द्या. आवाज वाढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरतायत. पाठीमागून दुसऱ्या गाडीवर कुणाला तरी यायला सांगा. दोन्ही चाकं एका रेषेत चालतात का आणि रेस सोडून पुन्हा देताना धूर निघतो का, हे मागूनच कळतं. मल्टिमीटर असेल तर बॅटरी बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि रेसवर साडेतेरा ते साडेचौदा दाखवायला हवी. बीएस-६ गाडीत चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून, चालू केल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो काढून ठेवलाय.

सौदा ठरला तर टोकन हजार-दोन हजारांपेक्षा जास्त नको. बाकी रक्कम बँकेतूनच द्या. ५०० च्या स्टॅम्पवर करारात चासी नंबर, इंजिन नंबर आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहा. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर विकणाऱ्याकडे चालू आहे ना, हे तिथेच विचारा, कारण नाव बदलताना ओटीपी लागला तर तो तिथे जातो. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत.

गाडी घरी आणताना शिकाऊ पोराला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बसवू नका. नवापूर-विसरवाडीपुढे कोंडाईबारीचा घाट आहे, ट्रकची रांग असते. मोठ्याने सकाळी लवकर निघून आणावी, नाहीतर छोटा हत्ती करावा. तापी लाइनने (सुरत-भुसावळ) रेल्वे पार्सलही होतं. टाकी पूर्ण रिकामी, गोणपाटाने बांधणी, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती. आपल्या स्टेशनवर ते पार्सल उतरवतात का, एवढं बुकिंगआधी विचारा.

किंमत ठरवतानाच सात-आठ हजार बाजूला ठेवा. आल्या आल्या इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर, दोन्ही ब्रेक लायनर, क्लच आणि ब्रेकच्या केबल बदला, गरज असेल तर टायर. चेनला मधोमध २० ते ३० मिमी ढील ठेवा. हेल्मेट मात्र नवंच, आयएसआय खुणेचं आणि पोराच्या डोक्याच्या मापाचं. ते जुनं घेऊ नका.

विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. आणि पोरगा १८ चा असेल तर गाडी त्याच्याच नावावर करा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा नोंदणीकृत मालकालाच लागू होतो, तोही लायसन्स असेल तर. बापाच्या नावावरची गाडी पोरगा चालवत असेल तर त्या विम्यातून पोराला काहीच मिळत नाही. पॉलिसीत नुसता थर्ड पार्टी आहे की हा अपघात विमाही घेतलाय, ते पहिल्याच पानावर वाचा.