वाक्य संपेपर्यंत श्वास पुरला पाहिजे

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे उभा असतो. ‘मी त्यांच्यापुढे मान खाली घालणार नाही.’ नाट्यशाखेच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याचा श्वास नेमका ‘घालणार’पाशी संपतो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला बंड ऐकू येत नाही, शरणागती ऐकू येते. घरगुती विनोदी नाटकात हे एखाद वेळी खपून जाईल. ज्या नाटकाचा सगळा वाद एका ‘नाही’वर तोललेला असतो, तिथे अर्थच उलटा होतो.

यावर ‘आवाज लहान आहे, मोठ्याने बोल’ असं सांगितलं जातं. ते निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. आवाज पुरेसा असतो, पण पहिल्या तीन शब्दांवर उधळलेला असतो.

म्हणून सुरुवात श्वासाच्या हिशेबापासून करावी. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या आणि पोटावर एक मध्यम जाडीचं पुस्तक ठेवा. चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या, पुस्तक वर आलं पाहिजे. मग ‘स्’ असा बारीक, सलग आवाज करत सोडा. आधी पंधरा सेकंद, दोन-तीन आठवड्यांनी वीस, मग पंचवीस. आकड्यापेक्षा धार महत्त्वाची, ती पहिल्या सेकंदाला आणि शेवटच्या सेकंदाला सारखीच ऐकू यायला हवी. सुरुवातीला फस्सकन हवा जाते आणि शेवटी गळा आवळून उरलेले दोन सेकंद ओढले जातात. ते दोन सेकंद सोडून द्या. आवळलेल्या गळ्याने मिळवलेला वेळ रंगमंचावर उपयोगाचा नाही. उभं राहिल्यावर तळहात खालच्या बरगड्यांवर, बाजूला ठेवा. खांदे वर गेले तर श्वास छातीत अडकला आहे. बोलताना बरगड्या एकदम मिटल्या तर हवा एकदम गेली आहे.

‘स्’ जमला की ‘झ्’, मग आकडे, मग वाक्य. वाक्य मात्र शेवटाकडून बांधायचं. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘घालणार नाही’. मग ‘मान खाली घालणार नाही’. असं मागे मागे जात पूर्ण वाक्य. जिभेला आणि फुप्फुसांना आपण कुठे पोचायचं आहे हे आधीच कळलेलं असतं. आठवडाभर हे केलं की उलटा दोष सुरू होतो: प्रत्येक शेवटच्या शब्दावर हातोडा पडायला लागतो. सूर खाली उतरला तरी हरकत नाही, हवा उतरता कामा नये.

गळा तापवायला बारा-पंधरा मिनिटं पुरतात. आधी ओठ मिटून गुणगुणणं, मग ओठांची फुरफुर. त्यानंतर ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवून ‘ऊ’ म्हणत सूर खालून वर आणि वरून खाली न्या, तीन मिनिटं. पाण्यामुळे तोंडात जो उलटा दाब तयार होतो त्याने स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. बुडबुडे थांबले आणि आवाज चालूच राहिला, तर समजा गळाच काम करतोय. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुरांच्या, रियाझाचं कौतुक पुष्कळ आहे. पण न झेपणाऱ्या पट्टीत हनुवटी छातीला टेकवून घोगरा आवाज काढणं म्हणजे खर्ज नव्हे. दातांत पेन्सिल धरून उतारे म्हणायला लावतात, तेही मला पटत नाही. जबडा मोकळा करायचा आणि त्यालाच घट्ट धरायला शिकवायचं, असला तो प्रकार आहे.

उच्चारांत मराठीची खास जागा म्हणजे च आणि ज. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच नाही. ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, लिहायला सारखे, जिभेची जागा वेगळी. ळ-ल, ण-न यांच्या जोड्या अर्ध्या वेगाने म्हणाव्यात, घाईने म्हटलेली जोडी फक्त चूक पक्की करते.

आणि इथेच सामाजिक नाटकाचा पहिला पेच येतो. ‘पानी’ म्हणणारं पात्र चुकत नसतं, ती त्याची बोली असते. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं, त्यात गरोदर कुणबीण, तिचा नवरा आणि त्यांना नाडणारा जोशी यांची बोलणी आहेत, मध्येच विदूषक प्रेक्षकांकडे वळून टीका करतो. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारलं होतं. कुणब्याची भूमिका करताना नवखा नट ण-ळ सरसकट पुसून टाकतो, सूर नाकात नेतो, शेवट लांबवतो, आणि प्रेक्षक हसतात. ज्याची लूट दाखवायची तोच हास्याचा विषय झाला! बोली शिकायची तर तिची क्रियापदं, हेल आणि थांबे शिका. सूर पात्राच्या गरजेतून येऊ द्या.

संहितेचा अभ्यास म्हणजे लेखकाचा परिचय पाठ करणं नव्हे. त्या काळी कायदा काय होता, हे आधी शोधा. देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 चं, त्यात शारदा या मुलीचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवलं जातं. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय ठरवणारा संमतिवयाचा कायदा 1891 मध्ये झाला होता आणि त्याने ते वय दहावरून बारावर नेलं होतं, पण म्हाताऱ्याशी मुलीचं लग्न लावायला त्याची आडकाठी नव्हती. बालविवाहाला आळा घालणाऱ्या 1929 च्या ‘शारदा कायद्या’चं नाव या नायिकेवरून पडलं असं परीक्षेत लिहिणारे पुष्कळ. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांचं आहे.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तेंडुलकरांनी 1963 मध्ये लिहिलं, रंगमंचावर ते 1967 मध्ये आलं. त्यात एक नाटकमंडळी खेळ म्हणून खोटा खटला चालवते: आरोपी अविवाहित, गरोदर शिक्षिका बेणारे, न्यायाधीश काशीकर. गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा 1971 चा. गर्भपातासाठी दंडसंहितेत 312 कलम होतं, पण या खेळातल्या खटल्यात बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवताना कलम लावलं जातं ते 302, खुनाचं. शेवटी काशीकर जो निकाल देतात तो तर आरोपाच्या नेमका उलट: पोटातला गर्भ नष्ट झाला पाहिजे. काशीकर करणारे बहुतेक जण इथे गर्जना करतात. माझ्या मते हा निकाल कारकुनी सुरात, एकही अक्षर न गिळता वाचला तर अंगावर जास्त येतो.

बेणारेच्या लांब स्वगताचा घोळ याहून मोठा. आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात आणि तेवढ्यात बाकी सगळे गोठून ते स्वगत घडतं. म्हणजे रंगमंचावरचं कोणीही ते ऐकत नाही. तरी विद्यार्थिनी ते न्यायाधीशाला पटवायचं असल्यासारखं पहिल्या ओळीपासून वरच्या पट्टीत घेतात, आणि निम्म्यावर आवाज चिरकतो. कोणाला हरवायचंच नाही तर जोर कशाला? आवाज लहान ठेवा, हवा पूर्ण द्या. सुरुवातीला दाराच्या कडीत सापडलेलं बोट ती हसण्यावारी नेते, पुढे तीच कडी तिला बाहेर जाऊ देत नाही. संहितेत दोन्ही जागांवर खूण करा आणि दोन्हीकडचा श्वास वेगळा घ्या.

ओरडण्याच्या जागा तालमीत दर वेळी पूर्ण जोराने करू नयेत. तीन वेळा अर्ध्या आवाजात, एकदा पूर्ण. स्वर उघडा ठेवा, राग व्यंजनांवर काढा. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांच्या ओळीसारखा समूह असेल तर सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नये, नाहीतर भिंतीला भोक पडतं. शेजाऱ्याचा श्वास कुठे आहे ते ठरवून आपला वेगळ्या शब्दावर घ्या, आणि परत येताना आवाज न करता, हळू आत या.

आवाज बसला तर कुजबुजत बोलू नका, त्यानेही तंतूंवर ताण येतो, गप्प बसा. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळा. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, दुर्बिणीतून तंतू पाहून घ्या.